बांधावरची बसणारी

ओळीनं पालथी घातलेली इरली आणि प्रत्येक इरल्याखालून बाहेर आलेलं एकेक चिमुकलं पाऊल... माझ्या बालपणाचं चित्र काढायला कुणी सांगितलं, तर मी एवढंच काढीन. बांबूच्या कामट्या आणि कुंभ्याची पानं विणून केलेली ती इरली बायका एरवी डोक्यापाठीवर घेऊन, वाकून भाताची रोपं लावायच्या. पण लावणीच्या दिवसांत काही इरली नेहमीच बांधावर, जांभळीच्या बुंध्याशी, पोरांसाठी बाजूला काढून ठेवलेली असत. वरून आषाढ कोसळत असायचा, खाचरांत गुडघाभर चिखल, डोंगरावरून उतरलेलं धुकं बांधांवर येऊन बसलेलं, आणि त्या सगळ्या गार, करड्या ओलीत इरल्यांखाली मात्र कोरडं, उबदार, दुधाच्या वासाचं एक वेगळंच गाव वसलेलं असायचं. जवळच फुटक्या मडक्यात शेणी धुमसत ठेवलेली असे. तिच्या धुरानं चिलटं पळायची आणि पोरांचे डोळे चुरचुरायचे. मीसुद्धा कधीकाळी त्यातल्याच एका इरल्याखाली होते, असं आई सांगायची.

त्या गावाची राखण एक बाई करायची. तिला आमच्यात 'बसणारी' म्हणत. आमच्याकडं लावणी पैऱ्यानं व्हायची – म्हणजे आज सगळ्याजणींनी मिळून माझं शेत लावायचं, उद्या तुझं, परवा तिचं. मजुरी नाही, देणं-घेणं नाही, हाताला हात फेडायचा. पण या हातांतली एक जोडी कायम कोरडी असायची. एक बाई चिखलात उतरायचीच नाही. ती सगळ्यांची पोरं घेऊन बांधावर बसायची – झोपलेली हलवायची, उठलेली धुवायची, रांगणारी मागं ओढायची – आणि पैऱ्यात तिचा हात इतर कुणाहीइतकाच धरला जायचा. कमरेपर्यंत भिजलेली बाई आणि कोरड्या लुगड्यानं दिवसभर बसलेली बाई, दोघींनी सारखंच काम केलं, यात कुणाला काही नवल वाटत नसे. हे कुणी ठरवलं, कधी ठरवलं, मला माहीत नाही. मला वाटायचं, जगात सगळीकडं असंच असतं.

बसायचं काम पाळीपाळीनं फिरायचं, पण जास्ती करून ते हौसाकाकूकडं जायचं. हौसाकाकू आमच्या भिंतीला भिंत लागून राहायची. तिचा नवरा लवकर गेला होता, मूलबाळ नव्हतं, आणि संधिवातानं हाताची बोटं अशी वाकलेली की रोपाची मूठ तिला धरवत नसे. पोर मात्र तिला कसंही धरता यायचं. तोंडाची ती फाटकी. पोरं रडायला लागली की बांधावर उभी राहून खाली खाचरात ओरडायची, "ए बायांनो, कुणाला पान्हा आलाय गं? वर या की! हे बेणं माझं टाळकं खायाला लागलंय!" मग ज्या बाईचे हात मोकळे असतील ती वर यायची, पाय धुवायची, आणि जे रडत असेल ते पोर पदराखाली घ्यायची. ते तिचंच असेल असं काही नव्हतं. मी कुणाकुणाचं दूध प्यायले हे आईलासुद्धा सांगता आलं नसतं, आणि तिला ते सांगावंसं कधी वाटलंही नाही.

आमचं घर मातीचं होतं, हातभर जाडीच्या भिंतींचं. वर कौलं, कौलांखाली माळा आणि माळ्यावर ठासून भरलेलं भाताचं पिंजर, म्हणजे पेंढा. उन्हाळ्यात दुपारी बाहेर डोंगर तापून पांढरा पडलेला असायचा, पण दार लावून घेतलं की आत काळोख आणि गारवा पसरायचा. सारवणाचा, पिंजराचा, कोपऱ्यातल्या रांजणातल्या पाण्याचा असा काही मिसळलेला वास यायचा की डोळे आपोआप मिटायचे. उन्हाळ्यात तान्हं पोर घरात ठेवून जवळपास जायचं झालं तर आई त्याला पोटभर पाजून झोळीत घालायची, झोका द्यायची आणि दार ओढून घेऊन बाहेरून कडी घालायची. "दार लावलं की घर निवतं," असं ती म्हणायची. ऊन दारातून येतं, दार लावलं की ते बाहेर राहतं, हे तिला तिच्या आईनं शिकवलेलं होतं. त्या घरात ते खरंही होतं.

गावाचं नाव सांगत नाही. सांगून उपयोग नाही. ते आता पाण्याखाली आहे.

मोजणीची माणसं आली तेव्हा मी लहान होते, पण त्यांच्या टेपा मला आठवतात. त्यांनी घरं मोजली, गोठे मोजले, विहिरी मोजल्या. परड्यातला फणस मोजला, त्याच्याखाली आम्ही लावलेलं आंब्याचं वीतभर रोपसुद्धा मोजलं. बायका कौतुकानं बघत उभ्या होत्या – बघ बाई, काही सोडत नाहीत म्हणून. बांधावर बसलेल्या हौसाकाकूला त्यांनी वाट तेवढी विचारली. या गावात पोरं कशी वाढतात, ती कोण वाढवतं, आणि गाव उचलून दुसरीकडं ठेवलं तर ती बाई कुठं बसणार, हा प्रश्न कुणाच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. खरं सांगायचं तर तो आमच्याही डोक्यात आला नाही.

मृग लागला, धरणाची दारं लागली आणि नदी उलटी चढायला लागली. ओढ्याकाठची खाचरं आधी गेली. आम्ही निघालो तेव्हा माझा भाऊ बाळू महिन्याचाही नव्हता. आई ओली बाळंतीण, कानाला फडकं बांधून, त्याला पोटाशी घेऊन ट्रकच्या पुढच्या भागात बसली होती आणि मागं आम्ही भांड्यांत, वाशांत, कोंबड्यांत मिसळून. गाव एकत्र राहिलंच नाही. काही घरं पेठ वडगावच्या बाजूला गेली, काही गडमुडशिंगीकडं, आणि आमची आळी हातकणंगल्याच्या पुढं, उसाच्या रानात. कुणाची जमीन किती गेली यावरून कोण कुठं जाणार ते ठरलं होतं. कुणाची भिंत कुणाला लागून होती यावरून नाही. हौसाकाकू तिच्या दिराच्या घराबरोबर आमच्यातच आली, एवढंच आमचं नशीब.

तिथं आम्हाला पत्र्याची शेड दिली होती. भिंती पत्र्याच्या, वर पत्रा, दार पत्र्याचं. घरं बांधून होईपर्यंत, जमिनीचा ताबा मिळेपर्यंत तात्पुरती सोय, असं सांगितलं होतं, आणि 'तात्पुरती' या शब्दाचा खरा अर्थ मी त्या शेडमध्येच शिकले. पावसाळाभर त्या पत्र्यावर पाऊस असा वाजायचा की आई मला काय सांगतेय ते तिच्या ओठांवरून ओळखावं लागे. बाळू त्या आवाजानं दचकून उठायचा, रडायचा, आणि त्याचं रडणंही ऐकू यायचं नाही. आजूबाजूला डोळा पोचेल तिथवर सपाट काळी जमीन. डोंगर नाही, चढ नाही, उतार नाही. आई पहिले काही दिवस दारात उभी राहून नुसती बघत राहायची. डोंगरात तिला वरच्या शेतातून खालचं घर दिसायचं, घरातून ओढा दिसायचा, पोर कुठं आहे हे मान वर केली की कळायचं. इथं समोर ऊस आणि मागं ऊस. त्याच्या पलीकडं काय आहे ते काही कळत नसे.

बाबा इचलकरंजीला मागावर कामाला लागले. तिथंच राहायचे, आठवड्यानं यायचे, अंगाला सुताचा आणि तेलाचा वास घेऊन. पण डोंगरात आम्हाला जे विकत घ्यावं लागत नव्हतं ते सगळं इथं विकत होतं – तांदूळ, नाचणी, जळण, अगदी चुलीत घालायची शेणीसुद्धा. मग गणपती झाल्यावर आमच्या आळीतल्या बायका भांगलणीला जायला लागल्या, म्हणजे शेजारच्या मळ्यात खुरप्यानं तण काढायला. बाळूला घेऊन आईही निघाली.

आणि तिथं त्यांनी ती चूक केली, जी फक्त आमच्याच बायका करू शकल्या असत्या.

त्या दिवशी शाळेला सुट्टी होती म्हणून मीही बरोबर होते. मळ्यावर पोचल्यावर कुणी कुणाला न विचारता सगळ्याजणी आपापली पोरं हौसाकाकूजवळ ठेवून सरीत उतरल्या. झाड नव्हतंच, म्हणून हौसाकाकू विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीच्या सावलीत घोंगडं अंथरून बसली. तिथं डिझेलचा वास होता, मातीला वेगळाच आंबूस वास होता, पण पोरं तीच होती आणि हौसाकाकूचं तोंडही तेच होतं. दुपारी मालकीणबाई किटलीतून चहा घेऊन आल्या. ठसठशीत बाई, कपाळाला मोठं कुंकू. त्यांनी सरीतल्या बायका बघितल्या, मग सावलीतली हौसाकाकू बघितली.

"आणि ह्या पावण्या? ह्या काय लग्नाला आल्यात?"

आई सरळ झाली, कपाळावरचा घाम मनगटानं पुसला आणि सहज म्हणाली, "ती बसणारी हाय."

"व्हय, बसल्याली दिसतीया की. पर कामाला कोन हाय?"

"त्येच काम हाय की तिचं. पोरं राखत्या."

मालकीणबाईंना आधी वाटलं ही चेष्टा करतेय. मग त्यांच्या लक्षात आलं की ही बाई मनापासून बोलतेय आणि हौसाकाकूचा रोज मागतेय, तेव्हा त्या मोठ्यानं हसल्या. "मी काय तुमची पोरं वाढवायचा मक्ता घेतलाय व्हय? खुरपं धरंल त्येचाच रोज. आमच्यात असंच असतंय."

त्या बाई वाईट नव्हत्या. चहा गोड होता, आणि जाताना त्यांनी बाळूच्या गालाला हातही लावला. त्यांची स्वतःची दोन पोरं त्या वेळी घरात त्यांच्या सासूजवळ होती. त्यांचीही कुणीतरी बसणारी होतीच, फक्त तिला काम म्हणायची रीत नव्हती. आमच्या बायका एकमेकींकडं बघत राहिल्या. त्यांना अपमान झाल्यासारखं वाटलं नाही, राग आला नाही; नुसतं काही कळेना.

काही दिवस त्यांनी आपापल्या रोजातून हौसाकाकूचा वाटा काढला. पण पैऱ्यात हात द्यायचा असतो आणि इथं द्यायचं होतं ते ताटातलं. तरीही कुणी तोंड उघडलं नाही. उघडलं ते हौसाकाकूनंच. एका सकाळी ती घोंगडं न घेताच आली. "तुमच्या पोरांच्या तोंडचं काढून मी खाऊ व्हय? आन हिकडं खुरपं. मी बी भांगलतो." आमच्याकडच्या बायका बोलताना 'भांगलतो' असंच म्हणतात. तिच्या वाकड्या बोटांत खुरपं बसेना, तेव्हा आईनं ते फडक्यानं तिच्या तळव्याला बांधून दिलं. त्या दिवशी सरीच्या टोकाला पोरं एकटीच बसली, आणि आमच्या आळीत बसणारी उरली नाही.

मग जे व्हायचं ते झालं. एक दुडदुडणारं पोर शेजारच्या उभ्या उसात शिरलं आणि दिसेनासं झालं. डोंगरात पोर हरवत नाही. ते कुठंतरी वर किंवा कुठंतरी खाली असतं. उसात वर-खाली नसतं. सगळ्या बायका खुरपी टाकून उसात घुसल्या, पानांनी हात-तोंड कापून घेतलं, हाका मारमारून घसे बसले. पोर सापडलं, एका पाटाच्या कडेला चिखल खात बसलेलं. पण तोवर दुपार गेली होती आणि भांगलण तशीच राहिली होती. दुसऱ्या दिवसापासून त्या मळ्यानं सांगितलं – कामाला या, पोरं आणू नका. दुसऱ्या मळ्यांनीही तेच सांगितलं. त्यांचंही काही चूक होतं, असं मला आज म्हणता येत नाही... आणि म्हणूनच जास्ती राग येतो, कारण तो कुणावर काढायचा ते कळत नाही.

त्यानंतर आमच्या आळीतल्या पोरी एकेक करून शाळेतून गळायला लागल्या. माझ्या बाकावर बसणारी, माझ्या मागं बसणारी. आठ-नऊ वर्षांच्या सगळ्या पोरी. सकाळी मी दप्तर घेऊन निघाले की त्या आपापल्या शेडच्या दारात भावंडं कडेवर घेऊन उभ्या असायच्या, एका बाजूला वाकलेल्या. माझी पाळी येणार हे मला ठाऊक होतं. बाबांनी ते एका रविवारी जेवताना काढलंच.

"सुलीला ठेव की घरात. एक वरसाचा तर प्रश्न हाय. बाळू चालाया लागला की जाईल परत."

आई भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "परत कोन जातंय? मी गेलतो परत?"

मग तिनं परातीतलं पीठ बाजूला सारलं आणि त्यांच्याकडं बघून म्हणाली, "पाच भावंडं वाढवली मी कडंवर. कंबार बघा माझी, अजून एका अंगाला हाय. माझं समदं ल्हानपन पोरांनी खाल्लं. हिचं न्हाई खाऊ द्यायचं. बाळूचं मी बघतो काय करायचं ते."

त्या रात्री मला किती आनंद झाला होता, हे मी लपवणार नाही. नऊ वर्षांच्या मुलीला शाळा म्हणजे काय वाटतं ते ज्यांना कुणी शाळेतून काढायला निघालं नव्हतं त्यांना कळायचं नाही. मी पांघरुणात तोंड खुपसून हसले आणि मग बाळूच्या तळपायाचा मुका घेतला. त्याच्या अंगाला वेखंडाचा आणि आंबट दुधाचा वास यायचा.

आईनं केलं ते तिला येत होतं तेच. कामाला जाताना ती बाळूला पोटभर पाजायची, शेडच्या आडव्या लोखंडी दांड्याला बांधलेल्या झोळीत घालायची, झोका द्यायची, आणि वस्तीवरची कुत्री आत शिरू नयेत म्हणून दार ओढून बाहेरून कडी घालायची. शेजारच्या शेडमधली पोरगी आपली भावंडं सांभाळता सांभाळता फटीतून डोकावायची. दुपारी जेवणाच्या सुट्टीत आई धावत यायची, पाजायची, परत जायची. हिवाळाभर हे चाललं. बाळू बाळसं धरत होता, बसायला लागला होता, मला बघितलं की दोन्ही हात पसरून 'ता ता ता' करायचा. तो सगळ्यांत आधी मला 'ताई' म्हणणार, असं मी शाळेत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

होळी झाली. शाळा अजून सकाळची झाली नव्हती; ती पुढच्या सोमवारपासून होणार होती. त्या दिवशी भांगलणीचं रान लांबचं होतं आणि काम उक्तं घेतलेलं – संपवलं तरच पैसे. शेजारची पोरगी टँकरच्या पाण्याला गेली, तिथंच रांगेत अडकली. आईला दुपारी येता आलं नाही. नंतर ती एकदाच बोलली त्या दुपारबद्दल, तीही हौसाकाकूजवळ, मी ऐकतेय हे माहीत नसताना. सरीत वाकलेली असताना तिला पान्हा फुटला, चोळी भिजली, भिजतच राहिली, आणि तिला कळलं. ती खुरपं तिथंच टाकून पळत सुटली. वाटेत तिला धीर येत होता तो एकाच गोष्टीचा – आपण दार लावून आलोय, आत गार असेल.

मी शाळेतून आले तेव्हा शेडचं दार सताड उघडं होतं आणि त्यातून बाहेर येणारी झळ माझ्या तोंडावर आली. आत पाय ठेवला तर तापलेल्या लोखंडाचा वास. आई मागच्या बाजूला पाण्याच्या बॅरलजवळ बसून बाळूवर तांब्यामागून तांब्या ओतत होती आणि डोंगरातल्या आमच्या देवाला हाका मारत होती. बाळू रडत नव्हता. त्याचे डोळे अर्धवट उघडे होते आणि एक हात मनगटापासून सारखा उडत होता. आईच्या मागोमाग रानातून पळत आलेल्या हौसाकाकूनं तिच्या हातातून त्याला घेतलं, रस्त्यावर उभी राहिली आणि येणारी दुधाची गाडी आडवं होऊन थांबवली. आधी हातकणंगल्याला नेलं, तिथून कोल्हापूरला, मोठ्या दवाखान्यात. किती दिवस ते तिथं होते मला आठवत नाही. मी हौसाकाकूजवळ झोपायचे. ती रात्रभर जागी असायची, कारण तिचे हात सवयीनं काहीतरी थोपटत असायचे आणि तिथं मी असायचे.

बाळू जगला. डॉक्टरांनी सांगितलं, ताप मेंदूत चढला होता, झटके फार वेळ आले. बघू, वाढेल तसं कळेल. वाढेल तसं कळलं. बसायला लागलेला मुलगा पुन्हा बसेना, मान धरेना. 'ता ता ता' गेलं ते परत आलं नाही. आमच्या आळीत त्याला एक शब्द पडला – पत्रा लागला. ऊन लागतं, दृष्ट लागते, तसा पत्रा लागला.

गावातल्या, म्हणजे त्या मूळ गावातल्या, बायका बघायला आल्या. चांगल्या मनानं आल्या, कुणी नारळ आणला, कुणी दूध. मालकीणबाईही आल्या होत्या. त्यांना खरोखरच गलबलून आलं होतं. पण शेडकडं बघून त्यांच्या तोंडून निघून गेलंच, "दार कशाला लावलंस गं बाई? पत्र्याच्या घराचं दार कोन लावतंय व्हय उनात?"

आई बाळूचं डोकं मांडीवर सावरत होती. ती मान वर न करता म्हणाली, "आमच्यात लावत्यात."

त्यानंतर ती कामाला गेली नाही. बाळूजवळ बसली ती बसलीच. पुढं जमीन मिळाली, निम्मी क्षारानं पांढरी पडलेली, पुढं दोन खोल्यांचं सिमेंटचं घर झालं, हौसाकाकू वारली, बाबांचे कान मागाच्या आवाजानं गेले आणि एके दिवशी तेही गेले. शेडचे पत्रे कुणीतरी गोठ्याला नेले. माझी शाळा मात्र चुकली नाही. घरी कितीही ओढाताण असली तरी आईनं एक दिवस मला 'आज राहा' म्हटलं नाही. मी बारावी झाले, कोल्हापुरात राहून शिकले, आता तिथंच शिकवते. लोक म्हणतात, धरणवाल्यांची पोरगी बघा कुठं पोचली. मी हसते. कुठं पोचले ते मला माहीत आहे, आणि कशावर पाय ठेवून, तेही.

दर रविवारी मी जाते. बाळू आता तिशी ओलांडलेला आहे. दाढी येते, ती आई करते. सत्तरीला टेकलेली आई त्याला काखेत हात घालून उचलते, अंघोळ घालते, पावडर लावते, भात कालवून भरवते. माझी दोन मुलं तिच्यासमोर वाढली, चालली, बोलली, त्यांना मिसरूड फुटलं. आईच्या मांडीवरचं तान्हं अजून तसंच आहे. मी कितीदा म्हटलं, कोल्हापूरला चला, बाई ठेवू मदतीला. ती ऐकत नाही. मदतीच्या बाईला किती द्यायचं असतं ते मी सांगितलं तेव्हा ती माझ्याकडं बघतच राहिली. "एवढं? नुसतं बसायचं?"

गेल्या रविवारी दुपारी आम्ही दोघी ओट्यावर बसलो होतो. बाळू चटईवर, तोंडावर माशी बसू नये म्हणून आई पदर हलवत होती. इतकी वर्षं जे विचारायचं धाडस झालं नव्हतं ते कसं कोण जाणे तोंडातून निघालं. म्हटलं, "आई, तवा बाबांचं ऐकून मला घरात ठेवली असतीस तर? बाळू आज..."

तिनं मला पुढं बोलूच दिलं नाही.

"येडी हाईस काय? नऊ वर्साची तू. तुला आत ठेवून मी दार लावून कडीच घातली असती की बाहीरनं. पत्र्यात दोन पोरं भाजली असती."

शेडच्या दारांत भावंडं कडेवर घेऊन उभ्या राहणाऱ्या त्या पोरी माझ्या डोळ्यांपुढं आल्या; एकीच्याही दाराला बाहेरून कडी नसायची. एवढं बोलून ती उठली, आत गेली आणि बाळूचा भात घेऊन आली.